स्टेपनीचं कापड

मास्तरने ते कापड धुतलं. धुतलं म्हणजे नुसतं पाण्यातून काढलं, असं नाही. आधी सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घातलं, पिवळा डाग होता तिथे ब्रशने घासलं, दोनदा खळबळून पिळलं, आणि वाळल्यावर कडक इस्त्री मारून चौकोनी घडी घातली. इतकं मन लावून त्याने आयुष्यात फार थोड्या गोष्टी केल्या असतील. आणि नेमकं तेच करायचं नव्हतं.

कापड म्हणजे काय, तर एका जुन्या खाकी शर्टाची पाठ आणि एक बाही. घरात नव्याने आलेल्या मांजरीच्या पेटीत ते अंथरलेलं होतं. मांजरी पेटीतून निघाली ती थेट मागच्या खोलीतल्या इस्त्रीच्या टेबलाखाली, चादरींच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसली. मागे उरलं ते हे कळकट, केसाळ, वास मारणारं फडकं. मास्तरने ते दोन बोटांच्या चिमटीत उचललं, नाक मुरडलं आणि धुण्यात टाकलं. मांजर आणून देणारी बाई जाताना बजावून गेली होती की हे कापड तिच्याजवळच राहू द्या, धुऊ नका. मास्तर तिथेच उभा होता. पण 'नीट धुवा', 'लवकर धुवा', 'मागच्यासारखं धुऊ नका, जरा बरं धुवा' एवढं ऐकण्यात त्याची इतकी वर्षं गेली होती, की नुसतंच 'धुऊ नका' हे कानावर पडूनही आत काही शिरलं नाही.

मास्तर हे त्याचं नाव नव्हे, आत्यांनी मारलेला टोमणा होता. लहानशा गावातल्या शाळेत शिकून तो शिक्षक व्हायला निघाला होता. अर्ध्या वाटेत कॉलेज सोडून शहरात आत्यांच्या लॉन्ड्रीवर येऊन थडकला. "दोन-चार महिने राहतो," म्हणाला होता. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर त्याचं अक्षर तेवढं वळणदार उमटे. बाकी मास्तरकीचं त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं.

आत्या दोन होत्या, मोठी आणि धाकटी. दोघींनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही. भावाकडून थोडी मदत घेऊन त्यांनी हे दुकान टाकलं. पुढे काउंटर, मागे एक लांबट खोली, तिथे बॉयलर, पिळण्याचं यंत्र आणि इस्त्रीचं भलंमोठं टेबल. वर राहायच्या दोन खोल्या. धाकटी धुणार, मोठी इस्त्री करणार, अशी वाटणी पहिल्या दिवशी झाली ती कधी बदलली नाही. मोठी बोलघेवडी. एका पँटीला इस्त्री होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरातलं सगळं काढून घ्यायची. धाकटीचं तोंड मिटलेलं, पण नाक असं तीक्ष्ण की शर्ट नुसता हातात घेऊन ती सांगे, "यांनी सिगरेट सोडलीय म्हणे. बायकोपुढे सोडली असेल." मोठी मोठ्याने हसायची, धाकटी शर्ट उलटा करून साबण लावायला लागायची. गल्लीतली पोरं तिला पाठीमागे स्टार्चबाई म्हणत. ते तिला ठाऊक होतं. त्या पोरांचे शाळेचे शर्ट ती मुद्दाम इतक्या खळीत घालायची की ती मान वळवू शकत नसत.

मागच्या थंडीत मोठी गेली. आजार असा फार नव्हता. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेली, आणि तिथून ती परत आलीच नाही. धाकटीने दुकान लगेच उघडलं. बॉयलर पेटवायची वेळ तीच, दुपारी कपडे वाळत घालायची वेळ तीच. गिऱ्हाइकं म्हणाली, बाई खंबीर आहे हो. इस्त्री मास्तर करू लागला, पण पुढे काउंटरपाशी, वेगळ्या टेबलावर. मोठीच्या टेबलावर आणि त्याच्याखालीही चादरींचे गठ्ठे रचले गेले. ते टेबल हलवायचं नाही असं कुणी म्हणालं नाही, आणि कुणी हलवलंही नाही.

मास्तरला मात्र एक गोष्ट दिसत होती. दुपारी शटर अर्धं ओढून दोघी बहिणी त्या टेबलाच्या पायाशी जमिनीवर बसायच्या आणि एकाच ताटात जेवायच्या. जेवताना हटकून भांडायच्या. भांडण संपलं की जेवण संपलं. मोठी गेली तेव्हापासून धाकटी जेवायला बसली नव्हती. बॉयलरपाशी उभी राहून, ताटली हातात धरून, डोळे दाराकडे लावून दोन घास गिळायची.

"आत्या, जेवलीस?"

"जेवले."

"कधी?"

"तू वर वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसला होतास तेव्हा."

दुसऱ्यांचे कपडे नीटनेटके करून देणारी ही बाई, तिचाच झगा सैल होऊन त्याला पाठीमागे सेफ्टी पिन लागली होती. आधी एक, मग दुसरी. दवाखान्यातल्या डॉक्टरने "खाणं वाढवा" म्हटलं, त्यावर ती "बरं" म्हणाली. तिचं बरं म्हणजे विषय संपला. एका आत्याला दवाखान्यात पोचवून आलेला माणूस होता मास्तर. दुसरी अशी उभ्या-उभ्या विरत चाललेली त्याला बघवत नव्हती, आणि बोलायची सोय नव्हती.

अशात मांजर आलं. शहरात पाच-सहा जणांचा एक गट होता. नोकऱ्या सांभाळून हे लोक बेवारस मांजरं आपापल्या घरात वाढवायचे आणि त्यांना चांगलं घर मिळालं की देऊन टाकायचे. त्यांचे टॉवेल, फडकी, जुन्या चादरी गोण्या भरभरून आत्याच्या लॉन्ड्रीत यायच्या. गटाचं काम बघणारी बाई औषधाच्या दुकानात नोकरीला होती. म्हणून तिला औषधवाली. एकदा ती धुतलेली गोणी न्यायला आली तेव्हा तिच्या हातात जाळीची पेटी होती. पेटी काउंटरवर ठेवून ती चिठ्ठी शोधत होती, तेवढ्यात जाळीतून एक राखाडी पंजा बाहेर आला आणि आत्याच्या बाहीत अडकला. आत्याने हात मागे घेतला नाही. नख सोडवलंही नाही. बाहीतला पंजा बघत ती तशीच उभी राहिली.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

"कुणाचीच नाही अजून," औषधवाली म्हणाली.

वर्षभरात आत्याने गिऱ्हाइकाला कामाखेरीज विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

मग औषधवाली घर बघायला आली. खिडक्यांना जाळी आहे का, सोडा-ब्लीच कुठे ठेवता, बॉयलरजवळ मांजर जाऊ शकतं का, सगळं उकरून उकरून बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांतले डाग शोधणाऱ्या आत्याचे डाग आज दुसरंच कुणी शोधत होतं. ती हाताची घडी घालून कोपऱ्यात उभी राहिली. मास्तरला मनातून गंमत वाटत होती.

"राग मानू नका," औषधवाली शेवटी म्हणाली, "पण मांजर पंधरा-पंधरा वर्षं जगतं. तुमच्यामागे कोण बघेल?"

"हा बघेल की. याला कुठं जायचंय?" आत्याने हनुवटीने मास्तरकडे खूण केली.

मास्तरची गंमत तिथेच आटोपली.

जाताना औषधवालीने मांजरीचं नाव सांगितलं: स्टेपनी. ज्याच्या घरी ती वाढली त्यानेच ठेवलेलं. "हे काय नाव?" आत्या म्हणाली. "मोटारीचं चाक आहे का ते?" पण दुसरं नाव तिने ठेवलं नाही.

आणि आता स्टेपनी खात नव्हती. पहिल्या दिवशी कुणाला काळजी वाटली नाही. नवं घर आहे, बिचकली असेल. बशी भरून टेबलाखाली सरकवायची आणि तिला त्रास नको म्हणून लांब जायचं, असं दोघांनी केलं. सकाळी बशी जशीच्या तशी. दुपारी बदलून दिली, तीही तशीच. पाण्याला तेवढं तोंड लावलेलं. दुसऱ्या दिवशीही तीच तऱ्हा. आत्या काम करता करता तिरप्या नजरेने टेबलाखाली बघायची आणि स्वतःची ताटली बॉयलरवर ठेवून विसरायची.

मास्तरने औषधवालीला फोन लावला आणि आत्याच्या हातात दिला. पलीकडचा आवाज त्यालाही ऐकू येत होता. "हे बरं नाही. मांजर असं उपाशी राहिलं की त्याचं यकृत बिघडतं. कापड आहे ना तिच्याजवळ? वास ओळखीचा असला की ती धीर धरते."

"आहे की," आत्या म्हणाली, आणि फोन कानाला तसाच ठेवून शोधायला लागली. पेटीत नव्हतं. टेबलाखाली नव्हतं. मास्तरने फळीकडे बघितलं. आत्या फळीपाशी गेली. तिथे, गटाच्या धुतलेल्या टॉवेलांच्या थरावर, खाकी चौकोनी घडी होती. तिने ती उचलली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"उद्या संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर मला तिला परत न्यावं लागेल," फोन सांगत होता. "आणि परत आलेल्या मांजराला दुसरं घर मिळणं..."

"आत्ताच घेऊन जा," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मास्तर शिव्यांची वाट बघत उभा राहिला. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आत्या, चुकलं माझं. मळकं दिसलं म्हणून..."

"मळकं दिसलं की आपल्याला दुसरं काही सुचतच नाही," ती म्हणाली. घडी उलगडून तिने ती परत घातली, होती तशीच, कोपऱ्याला कोपरा लावून. "तुला कुठं शिकवलं? इथेच शिकलास."

तिने घडी परत फळीवर ठेवली.

"मोठीला स्मशानात नेऊन आलो," आत्या म्हणाली, "आणि मी घरी येऊन काय केलं, माहितीय? तिचं सगळं धुतलं. अंगावरचे कपडे, पांघरूण, उशीचा अभ्रा, तो भुरा स्कार्फ. एवढं स्वच्छ मी कधी काही धुतलं नव्हतं. लोक येणार, घर नीट असलं पाहिजे, असं डोक्यात. वाळलं, घड्या घातल्या, कपाटात ठेवलं. मग एक दिवस कपाट उघडलं." ती थांबली. "साबण. दुसरं काही नाही. कुठल्याच कपड्याला तिचा वास नाही. माझं नाक काय सांगतोस तू लोकांना, मास्तर. सगळं कपाट हुंगलं मी. तळाशी चपला होत्या, त्याही पुसलेल्या."

मास्तरने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला आवडलं नसतं.

"म्हणून म्हणते, नेऊ दे तिला. आपल्या घरात आलेल्या जिवाला इथं काही ओळखीचं सापडत नाही. आपण ठेवत नाही ना."

ही एवढी वाक्यं सलग तिच्या तोंडून त्याने कधी ऐकली नव्हती. मांजर गेलं तर हे तोंड पुन्हा मिटणार, आणि या खेपेला कायमचं, हे त्याला उन्हाइतकं लख्ख दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉन्ड्री उघडायच्या आत तो औषधवालीच्या काउंटरवर जाऊन उभा राहिला.

"ज्यांनी वाढवली त्यांचा पत्ता द्या ताई."

"ते आम्ही देत नाही," ती म्हणाली. "वाढवणाऱ्याने आणि नेणाऱ्याने एकमेकांचं तोंड बघायचं नाही, हा आमचा नियमच आहे. एक बाई दर आठवड्याला आपलं मांजर बघायला जायच्या. शेवटी त्या घरच्यांनी कुलूप बदललं."

"मी कापड धुतलं, ताई."

खोकल्याचं औषध बांधता बांधता तिने मान वर केली. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक खोकत होतं. तिने पुड्याच्या कागदाचा तुकडा फाडला, तोंडानेच इमारत सांगितली, आणि कागद परत घडी करून टाकून दिला. लिहून देण्याची हिंमत झाली नसावी. "मी सांगितलं म्हणून सांगू नका."

इमारत बसच्या डेपोमागे होती. दार उघडलं ते एका धिप्पाड, डाव्या गुडघ्यात आखडलेल्या माणसाने. अंगात कोपरावर विरलेला हिरवा स्वेटर.

"काय पाहिजे?"

"काका, मी लॉन्ड्रीतून आलोय."

"माझे कपडे मीच धुतो."

"मांजरीबद्दल बोलायचं होतं. राखाडी पट्ट्यांची."

त्याचा हात कडीवरच राहिला. "मेली का?"

"नाही, नाही. खात नाही."

त्याने दार पूर्ण उघडलं. एकच खोली, खिडकीत बशांची रांग, न्हाणीघराच्या दाराआडून बारीक म्याव-म्याव. हा माणूस बस चालवायचा. निवृत्त झाला तरी रोज एकदा डेपोत जाऊन यायचा, आणि रिकाम्या हाताने क्वचितच यायचा.

"माझा शर्ट दिला होता तिच्याबरोबर," तो म्हणाला.

मास्तरने घसा साफ केला. "तो धुतला गेला."

"धुतला गेला म्हणजे? आपला आपण?"

"मी धुतला."

"का?"

"आमची लॉन्ड्री आहे."

ड्रायव्हरने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नशीब. सलूनवाल्याकडे दिली असती तर भादरून ठेवली असती."

ड्रायव्हर भिंतीला धरून खुर्चीवर बसला. "डेपोत पिल्लं झाली होती. चार पिल्लं घेऊन आई निघून गेली. ही पाचवी, मागे राहिली. चार चाकं गेली, म्हणून ही स्टेपनी. ड्रॉपरने दूध पाजून वाढवलीय मी. त्या शर्टात झोपायची." मग एकदम त्याने विचारलं, "बशी कशी देता तिला?"

"टेबलाखाली सरकवतो आणि लांब जातो. म्हटलं, आपल्याला बघून घाबरायला नको."

"हां. म्हणजे उपाशीच मरणार ती." तो हे चिडून म्हणाला नाही, रस्ता चुकलेल्या माणसाला सांगावं तसं म्हणाला. "ती एकटी खात नाही. मी भिंतीला टेकून, पाय लांब करून खाली बसतो, माझं ताट इथं, तिची बशी इथं. मी घास घेतला की ती तोंड लावते. मी थांबलो की थांबते. मी उठलो की उठते, बशी भरलेली असली तरी."

"हे ताईंना सांगितलं नव्हतं तुम्ही?"

"कुणी विचारलं? आणि विचारलं असतं तर काय सांगू, मी आणि मांजर पंक्तीला बसतो म्हणून?" त्याने मान दुसरीकडे वळवली. "तुमच्याकडे कोण जेवतं तिच्याबरोबर?"

लॉन्ड्रीत जेवायला कोण बसतं? मास्तर स्वतः वरच्या खोलीत, वर्तमानपत्र ताटाला टेकवून. आणि आत्या उभी.

"काका, तुम्हीच या ना. तुम्हाला बघून खाईल."

"आज खाईल. आणि उद्यापासून दाराकडे बघत बसेल." ड्रायव्हरने नाही म्हणून मान हलवली. "आता तिला तुमच्याकडेच भूक लागायला पाहिजे."

मास्तर उठला तेव्हा ड्रायव्हरने त्याला थांबवलं, आणि डोक्यावरून ओढून अंगातला स्वेटर काढला. आत पातळ बनियन होतं. स्वेटर त्याने मास्तरच्या हातात कोंबला.

"हा टाक तिच्याजवळ. तेवढाच धीर. पण परत आणून दे. एकच आहे."

"आणतो."

"आणि धुऊ नकोस, शहाण्या."

मास्तर परतला तेव्हा दुपार झाली होती. आत्याने मांजरीची पेटी पुसून, कोरडी करून दाराशी ठेवली होती. त्याने तिला सगळं सांगितलं: डेपो, चार चाकं, स्वेटर. शेवटचं तेवढं राहिलं. इतके दिवस ज्या गोष्टीला हात लावायचा नाही म्हणून तो जपत आला होता, तीच आता उघड बोलायची होती.

"ती एकटी जेवत नाही म्हणे. कुणीतरी शेजारी बसून जेवलं तर जेवते."

"मग बस तू."

"मी बसेन. पण मी दिवसभर पुढे असतो. मागे तू असतेस."

"मला भूक नाही."

"तुला कोण विचारतंय? तिला आहे."

आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की दुसऱ्या वेळी तो जिना चढून वर गेला असता. आज तो तिथेच राहिला. स्वेटर त्याने पोटाशी धरला होता. काउंटरवर एक गिऱ्हाईक टकटक करत होतं. आत्या पुढे गेली, "नंतर या," म्हणाली आणि तिने शटर अर्धं खाली ओढलं. वर्षभर ते दुपारचं ओढलं गेलं नव्हतं. ते किंचाळत खाली आलं.

टेबलाच्या पायाशी ती सावकाश बसली. एक हात जमिनीवर टेकून, मग गुडघा, मग दुसरा. तिने जागा पुसली नाही. मास्तरने स्वेटर गठ्ठ्याजवळ ठेवला, बशी ठेवली, आणि आत्यापुढे ताट वाढून ठेवलं. ती ताटाच्या उजव्या अंगाला बसली होती. डावी बाजू रिकामी ठेवून. ते तिच्याही लक्षात आलं असावं, पण ती सरकली नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मग गठ्ठ्यामागून राखाडी डोकं बाहेर आलं. नाक स्वेटरला लागलं. ती त्यावर चढली, पंज्यांनी तो तुडवत राहिली, तुडवत राहिली, आणि बसली. बशीकडे तिने बघितलं. मग आत्याकडे बघितलं.

आत्याने घास उचलला. तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मास्तरला तिचा गळा हललेला दिसला, घास तोंडात नसतानाच. मग तिने तो तोंडात घातला आणि चावायला लागली, अवघड जागेचा टाका उसवावा तशी, हळूहळू, डोळे खाली घालून. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायला तिने हात वर केला नाही. हात उष्टा होता.

मांजरीने बशीला तोंड लावलं.

आत्या थांबली. मांजरीही थांबली.

"थांबू नकोस," मास्तर पुटपुटला.

"कळतंय मला," आत्या म्हणाली. तिने दुसरा घास घेतला. बशीत जीभ पुन्हा लपलपू लागली. असं ते चाललं, एक घास इकडे आणि थोडं चाटणं तिकडे. ताटातलं संपत आलं तेव्हा बशीत अजून बरंच होतं. आत्याने ताटाकडे बघितलं, मांजरीकडे बघितलं.

"वाढ आणखी," ती म्हणाली. "आणि तू काय पहारेकरी आहेस का? बस खाली. तुझं ताट आण."

संध्याकाळी औषधवाली पेटी न्यायला आली. मोकळी पेटी घेऊन गेली.

त्यानंतर शटर रोज दुपारी अर्धं खाली येऊ लागलं. स्टेपनीला एका बैठकीत पुरेसं होत नसे, म्हणून आत्याला दोनदा वाढून घ्यावं लागे. त्याबद्दल ती मांजरीला जे बोलायची ते ऐकून कुणालाही वाटलं असतं की घरात मोठं भांडण चाललंय. पाठीवरची दुसरी सेफ्टी पिन निघाली. पहिली राहिली, मास्तरनेही तिकडे फार बघायचं सोडून दिलं. मोठीचं टेबल आहे तिथेच आहे. त्याच्याखाली आता हिरवा स्वेटर असतो आणि स्वेटरवर मांजर.

तो स्वेटर परत करायचा होता. मास्तर तेवढ्यासाठी गेलाही, पण हातात दुसराच, नवा कोरा स्वेटर घेऊन. ड्रायव्हरने तो घालून बघितला, बाह्या ओढून बघितल्या.

"बरा आहे. तात्पुरता ठेवतो," तो म्हणाला. "खाते ना ती?"

"आत्यापेक्षा जास्त."

"माझा कधी आणतोस?"

"ती सोडत नाही त्याला."

"सोडेल तेव्हा आण. पण माझा मला पाहिजे. आणि आणशील तेव्हा तसाच आण." तो थोडा थांबला. "तिचे केस असू देत त्याच्यावर."

मास्तरने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या साबण लावता लावता थांबली. तिच्या काउंटरवरून न धुतलेला कपडा आजवर बाहेर गेला नव्हता. मग ती पुन्हा साबण लावू लागली. पण आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, भरल्या ताटावर बसली असताना, तिला आठवण येते.

"अरे, त्या ड्रायव्हरचा स्वेटर द्यायचा राहिलाय."

"हो, देतो," मास्तर म्हणतो.

"लोकांची वस्तू ठेवून घेणं बरं नव्हे."

"नाहीच मुळी."

दोघंही स्वेटरकडे बघतात. स्टेपनी एक डोळा उघडते आणि मिटते. थंडी पडायच्या आत नेऊन देऊ, असं ठरलं होतं. थंडी पडली, आणि गेलीही.